होलिस्टिक न्यूट्रिशनचा कोर्स करू का? कळव्याच्या ताईंना उत्तर

प्रश्न : मी ३६ वर्षांची, बी.कॉम. राहते कळव्याला, ऐरोलीत एका कंपनीच्या बॅक ऑफिसात काम करते. सासऱ्यांना मधुमेह आणि मला थायरॉइड, त्यामुळे तीन वर्षं आहाराबद्दल मिळेल ते वाचते आहे. आता सहा महिन्यांचा ऑनलाइन 'सर्टिफाइड होलिस्टिक न्यूट्रिशनिस्ट' कोर्स मनात आहे. फी ७२ हजार. कोर्स संपला की लगेच लोकांना सल्ला देता येईल, असं ते सांगतात. करू का? आणि यामागचं विज्ञान नीट शिकायचं तर सुरुवात कुठून करू?

उत्तर :

ताई, फी अजून भरली नसेल तर महिनाभर थांबा. भरली असेल तरी पुढचं वाचा, कारण कोर्स केलात काय नि न केलात काय, हा अभ्यास तुम्हाला करावाच लागणार आहे.

मी नौपाड्यात बावीस वर्षं आहारतज्ज्ञ म्हणून बसते. त्याआधी पाच वर्षं रुग्णालयाच्या स्वयंपाकघरात आणि वॉर्डात काढली. असे कोर्स केलेल्या मुली माझ्याकडे अनुभव घ्यायला येतात. हुशार असतात, मनापासून आलेल्या असतात. 'इन्फ्लमेशन', 'गट हेल्थ', 'डिटॉक्स' हे शब्द त्यांच्या जिभेवर असतात. पण अर्धी वाटी कच्च्या तूरडाळीचं वरण किती वाट्या होतं आणि त्यातल्या एका वाटीत प्रथिनं किती, असं विचारलं की गप्प बसतात. माझं भांडण 'होलिस्टिक' या शब्दाशी नाही, या गप्प बसण्याशी आहे.

शब्द तसा जुना आहे. दक्षिण आफ्रिकेचे लष्करी अधिकारी आणि राजकारणी यान स्मट्स यांनी १९२६ मध्ये 'होलिझम' हा शब्द घडवला, 'संपूर्ण' अशा अर्थाच्या ग्रीक शब्दावरून. आपण समग्र म्हणतो. माणूस समग्र बघायला हवा, यात वाद नाही. पण समग्र बघायचं म्हणजे नेमकं काय करायचं, ते एका बाईंच्या गोष्टीतून सांगते.

घणसोलीहून आल्या होत्या, वय ४१. एचबीए१सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी तपासणी, ६.१ आली म्हणून घाबरलेल्या. कुणा कोचने भात, भाकरी, फळं सगळं बंद केलं होतं. चार महिने झाले, वजन पाच किलो उतरलं, केस गळायला लागले, आणि जिना चढताना धाप. मी रिपोर्टचं दुसरं पान उलटलं. हिमोग्लोबिन ८.४, तांबड्या पेशी आकाराने लहान, शरीरातला लोहाचा साठा सांगणारं फेरिटिन फक्त ६. उपाशीपोटीची साखर मात्र ९२, म्हणजे अगदी व्यवस्थित. आता, तांबडी पेशी रक्तात साधारण १२० दिवस राहते आणि तेवढ्या दिवसांत तिच्यातल्या हिमोग्लोबिनला साखर चिकटत जाते. एचबीए१सी मोजतो ते हेच. पण शरीरात लोह कमी पडलं की हा आकडा साखर न वाढताही थोडा वर चढू शकतो. ते ६.१ साखरेचं होतं की लोहाचं, हा प्रश्नच कुणी विचारला नव्हता.

मग बाकीचं विचारलं. पाळी दर एकवीस-बावीस दिवसांनी, आठ दिवस, अंगावरून खूप जाणारी. ऑफिसात डबा खाल्ला की लगेच चहा, दिवसात चार कप. चहातले टॅनिन पालेभाजी-कडधान्यातलं लोह धरून ठेवतात, ते रक्तात जाऊ देत नाहीत. त्यांना आधी स्त्रीरोगतज्ज्ञांकडे पाठवलं. गर्भाशयात फायब्रॉइडची गाठ निघाली. तिच्यावर उपचार झाले, डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या. मी फक्त चहा जेवणापासून तासभर लांब नेला, भाकरी परत ताटात आणली आणि उसळीवर लिंबू पिळायला सांगितलं. काही महिन्यांनी हिमोग्लोबिन ११.८, एचबीए१सी ५.६. वाढलेल्या प्रत्येक एचबीए१सीमागे लोहच असतं असा अर्थ कृपा करून काढू नका. बहुतेक वेळा साखरच असते.

याला मी समग्र बघणं म्हणते. पाळी, चहा, डबा, रिपोर्टचं दुसरं पान, सगळं एकत्र. आणि ते एकत्र बघायला तांबडी पेशी किती दिवस राहते हे माहीत असावं लागतं. भागच ठाऊक नसतील तर समग्र बघणार कशाचं?

तेव्हा सुरुवात शरीरक्रियाशास्त्रापासून करा. एनसीईआरटीच्या अकरावीच्या जीवशास्त्रात मानवी शरीरक्रियेचा विभाग आहे. बी.कॉम.वालीला तो दोन-अडीच महिन्यांत जमतो, रोज लोकलमधला वेळ दिला तर. पचन, यकृत, मूत्रपिंड, संप्रेरकं. पचनाचा धडा नव्या आवृत्तीतून काढला आहे, तो जुन्या पुस्तकात वाचा. पाठांतर नको. स्वतःला एकच प्रश्न विचारा: रात्री दोन वाजता माझं यकृत काय करत असतं? ज्या दिवशी हे घरच्या माणसाला सोप्या मराठीत सांगता येईल त्या दिवशी पुढे जा. कारण याच प्रश्नात तुमच्या सासऱ्यांचं कोडं आहे. मधुमेही हमखास म्हणतात, 'रात्री एवढंसं खाल्लं, तरी सकाळी साखर १६० कशी?' तर रात्रभर मेंदूला साखर पुरवायचं काम यकृताकडे असतं. ग्लायकोजेन, म्हणजे साखरेचा साठा, तोडून आणि अमायनो आम्लांसारख्या गोष्टींपासून नवी साखर बनवून ते ती रक्तात सोडतं. इन्सुलिन हा पुरवठा आवरतं. मधुमेहात ते आवरणं सैल पडतं. म्हणून रात्रीची भाकरी एकावरून अर्धीवर आणली म्हणजे सकाळचा आकडा उतरेलच असं नाही, आणि उपाशी ठेवलेला म्हातारा माणूस गोळ्यांमुळे साखर फार उतरून मध्यरात्री घामाघूम होऊन उठतो ते वेगळंच.

जीवरसायनशास्त्राची भीती सगळ्यांनाच वाटते. मलाही वाटायची. त्यातली चक्रं घोकायची गरज नाही, पण कुठलं जीवनसत्त्व कुठल्या कामाला लागतं आणि ते नसलं की कुठलं काम अडतं, एवढं कळलंच पाहिजे. याचं सर्वात सुंदर उदाहरण आपल्या परळला घडलं आहे. १९२८ मध्ये ल्यूसी विल्स नावाच्या ब्रिटिश डॉक्टर मुंबईत आल्या. गिरण्यांत काम करणाऱ्या गरीब बायकांना गरोदरपणात विचित्र पंडुरोग व्हायचा. तांबड्या पेशी कमी, पण असतील त्या फुगून मोठ्या झालेल्या. हाफकिन संस्थेत काम करताना विल्स यांनी आधी जंतू शोधले, ते नव्हते. मग बायकांच्या घरचं खाणं बघितलं. पालेभाजी, फळं, दूध जवळजवळ नाहीच. उंदरांवर, माकडांवर प्रयोग केले आणि स्वस्तातला मार्माइट, म्हणजे यीस्टचा अर्क, दिल्यावर रोग हटतो हे १९३१ मध्ये दाखवून दिलं. त्या अर्कात होतं ते फॉलिक आम्ल. ते वेगळं काढून नाव मिळायला १९४१ उजाडलं. गिरणी, पगार, बाळंतपण, ताट, सूक्ष्मदर्शक, या बाईंनी काही म्हणजे काही सोडलं नाही.

याच गोष्टीला दुसरी बाजू आहे, तीही शिकायला हवी. बी१२ कमी असलेल्या माणसाला नुसतं फॉलिक आम्ल देत राहिलं तर रक्त सुधारलेलं दिसतं आणि नसांचं नुकसान आतल्या आत चालूच राहतं. पिढ्यान्‌पिढ्या शाकाहारी घरांत, आणि वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी घेणाऱ्यांत, बी१२ कमी सापडणं नेहमीचं आहे. सासरे मेटफॉर्मिनवर असतील तर पुढच्या वेळी डॉक्टरांना त्यांच्या बी१२बद्दल विचारा.

आता अन्नाकडे. तराजू घ्या, चारशे-पाचशे रुपयांचा स्वयंपाकघरातला. महिनाभर घरात शिजेल ते कच्चं आणि शिजलेलं, दोन्ही वजन करून वहीत लिहा. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेची भारतीय अन्नघटकांची कोष्टकं २०१७ मध्ये आली, ५२८ पदार्थांची. ती समोर ठेवा. १०० ग्रॅम कच्च्या तूरडाळीत बावीसच्या आसपास ग्रॅम प्रथिनं. माणशी ३० ग्रॅम डाळ पडली तर साडेसहा ग्रॅम. आणि पातळ वरणाच्या वाटीत एवढी डाळही नसते! प्रौढाला वजनाच्या दर किलोला रोज ०.८३ ग्रॅम प्रथिनं लागतात असं २०२० च्या आपल्या शिफारशी सांगतात. पंचावन्न किलोच्या बाईला जवळजवळ शेहेचाळीस ग्रॅम झाले. एक वाटी वरण पिऊन 'आमच्याकडे प्रथिनं भरपूर' म्हणणाऱ्या घरात हा हिशोब मांडून दाखवला की शांतता पसरते. भाकरी-पोळीचेही त्यात धरा बरं, ते लोक विसरतात.

कोष्टकं वाचताना वर्षही बघायला शिका. 'पोह्यात भरपूर लोह' हे वाक्य तुम्ही शंभरदा वाचलं असेल. ते खोटं म्हणून पसरलं नाही. जुन्या कोष्टकात पोह्यांना १०० ग्रॅममागे २० मिलिग्रॅम लोह लिहिलं होतं. २०१७ च्या कोष्टकात ते साडेचारच्या आसपास आहे. बाईला दिवसाला २९ मिलिग्रॅम लागतं अशी शिफारस आहे, मग बशीभर पोह्यांनी काय होणार? पोहे खा, मीही खाते, फक्त लोहासाठी खातोय असं म्हणू नका. नाचणीचा कॅल्शियम मात्र दोन्ही कोष्टकांत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास टिकून आहे, आजी बरोबर होती.

आजीवरून आठवलं. पावसाळा तोंडावर आला की येऊरच्या पाड्यांवरच्या बायका ठाण्याच्या बाजारात शेवळं ही रानभाजी घेऊन बसतात. त्यांच्याकडून शेवळं घेतली की त्या बरोबर काकडं ही आंबट रानफळं घ्यायला लावतात. नाहीतर घशाला खाज सुटते. शेवळात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, अळूतही असतात, म्हणून फदफद्यात चिंच. परंपरेतलं ज्ञान असं असतं, भाजीपुरतं आणि पक्कं. त्याच्या नावावर 'हिमालयातलं गुलाबी मीठ थायरॉइड बरं करतं' हे विकलं जातं तेव्हा मात्र माझा पारा चढतो. १९५६ पासून हिमाचलातल्या कांगडा खोऱ्यात डॉ. रामलिंगस्वामी आणि सहकाऱ्यांनी मिठात आयोडीन घालून गलगंड कमी होतो हे दाखवलं, तेव्हा कुठे आपल्या मिठात आयोडीन आलं. ते काढून सैंधव आणायचं, तेही थायरॉइडच्या नावाने! तुम्ही बदललं असेल तर साधं आयोडीनचं मीठ परत आणा. कोबी-फ्लॉवर सोडला असेल तर तोही शिजवून खा. थायरॉइडची गोळी सकाळी उपाशीपोटी साध्या पाण्याबरोबर, चहा निदान अर्ध्या तासाने, आणि लोहाची किंवा कॅल्शियमची गोळी चालू असेल तर ती चार तास लांब.

परदेशी बेतावर शिवलेल्या अभ्यासक्रमांचा एक तोटा सांगते. आपली शरीरं त्यांत बसत नाहीत. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. युडकिन यांचा एक फोटो २००४ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, सारखाच, २२.३. शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२. बारीक दिसणारा आपला माणूस आतून बारीक असतोच असं नाही. म्हणून आपल्याकडे २३ पासूनच जास्त वजन धरतात, आणि टेप घेऊन पोटाचा घेर मोजतात. पुरुषाचा ९० सेंटिमीटर, बाईचा ८०, याच्या वर गेला की लक्ष द्यायचं.

एवढं झालं की सगळ्यात अवघड भाग, विचारणं. कुठल्याही सहा महिन्यांच्या कोर्समध्ये तो शिकवलेला मी पाहिला नाही. माझी स्वतःची फजिती सांगते. व्यवसायाच्या पहिल्या वर्षात रबाळे एमआयडीसीतल्या एका कामगाराला मी सुंदर टाइप केलेला तक्ता दिला. आठ वाजता न्याहारी, एक वाजता जेवण, रात्री साडेआठला हलकं. तीन महिन्यांनी साखर वाढलेलीच. मी थोडी चिडले. तो शांतपणे म्हणाला, 'मॅडम, आठ वाजता मी नाइट करून घरी येतो. मग तुमची न्याहारी करून झोपतो. जेवण राहतंच. आणि रात्री तीनला कँटीनमध्ये वडापाव मिळतो, तो तुमच्या कागदावर नव्हता, म्हणून सांगितला नाही.' तेव्हापासून माझ्या टेबलावर छापील तक्ता नाही.

चोवीस तासांचं खाणं विचारून लिहिणं ही एक पद्धत आहे, तिचा सराव पन्नास माणसांवर करा. 'काल उठल्यावर तोंडात पहिलं काय गेलं?' इथून सुरू करून एकदा सलग सांगू द्या, मध्ये बोलू नका. दुसऱ्या फेरीत वेळा भरा. तिसऱ्या फेरीत मापं: कुठली वाटी, किती डाव, भाकरी तळहाताएवढी की ताटाएवढी. चौथ्या फेरीत विसरलेलं. चहासोबतची बिस्किटं, नातवाच्या ताटातलं उरलेलं, देवाचा प्रसाद, स्टेशनवरचा समोसा, शनिवारची दारू. चेहऱ्यावर 'अरेरे' उमटलं की माणूस खोटं बोलायला लागतो. माझ्या एका ट्रेनीच्या भुवया फार बोलायच्या, तिला मी महिनाभर पाठमोरं बसून लिहायला लावलं होतं.

तेल किती खाता असं कधी विचारू नका, सगळे 'कमी' म्हणतात. महिन्याला घरात किती लिटर येतं आणि जेवणारी माणसं किती, ते विचारा. चार माणसांत पाच लिटर म्हणजे माणशी रोज अडतीस ग्रॅमच्या आसपास. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या आहार मार्गदर्शक सूचना दोन हजार कॅलरींच्या जेवणात वरून घातलेलं तेल-तूप सत्तावीस ग्रॅम धरतात. मग वाद उरत नाही. आगरी-कोळी घरांत मीठही असंच शोधावं लागतं. 'जेवणात मीठ कमीच घालतो' हे खरं असतं, पण सुका जवळा आणि सुके बोंबील मुळातच खारवलेले असले तर ते मीठ कोण मोजणार? प्रथिनं उत्तम, रक्तदाबवाल्याला मात्र ते मीठ भारी पडतं.

आणि आपली हद्द कळणं. माझ्याकडे एक काका आले होते, मूत्रपिंडाचा जुना आजार. कुणी तरी 'किडनी साफ होते' म्हणून रोज दोन नारळपाणी आणि कमी सोडियमचं मीठ सांगितलं होतं. दोन्हींत पोटॅशियम भरपूर. आजारी मूत्रपिंड ते बाहेर टाकू शकत नाही आणि रक्तात साचलं की हृदयाची लय बिघडते. त्यांना थेट इमर्जन्सीत न्यावं लागलं. तसंच मधुमेहाच्या काही नव्या गोळ्यांवर, ज्या साखर लघवीवाटे बाहेर काढतात, त्यांवर असलेल्या माणसाला कीटो, म्हणजे भात-भाकरी जवळजवळ बंद करून चरबीवर भर देणारा आहार, करायला लावणं. साखर फारशी वाढलेली दिसत नाही आणि रक्त आम्लधर्मी होत जातं. डॉक्टरही चकतात तिथे. सल्ला देणाऱ्याला औषधाच्या चिठ्ठीवरची नावं वाचता यायलाच हवीत.

आता कोर्सचं आणि कायद्याचं थोडक्यात. २०२१ च्या केंद्रीय कायद्याने संलग्न आरोग्य व्यावसायिकांसाठी राष्ट्रीय आयोग नेमला, त्यात आहारतज्ज्ञ आणि पोषणतज्ज्ञ दोघेही येतात. त्यामुळेच यूजीसीने २०२५ च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून अन्न-पोषणशास्त्र आणि क्लिनिकल न्यूट्रिशनसारखे आरोग्याशी जोडलेले अभ्यासक्रम दूरस्थ आणि ऑनलाइन पद्धतीने चालवायला मनाई केली. सहा महिन्यांच्या सर्टिफिकेटवर रुग्णांना आहार ठरवून देता येईल असं कुणी सांगत असेल तर तो तुमच्या पैशांबद्दल बोलतोय. पक्का रस्ता लांब आहे: विज्ञान घेऊन बारावी, पोषणशास्त्राची पदवी, पदव्युत्तर शिक्षण, रुग्णालयात इंटर्नशिप, मग इंडियन डाएटेटिक असोसिएशनची नोंदणीकृत आहारतज्ज्ञाची परीक्षा. आपल्या बाजूच्या मुली जुहूला एसएनडीटीच्या होम सायन्स कॉलेजात किंवा चर्चगेटजवळ निर्मला निकेतनला जातात. बारावी विज्ञान नसेल तर राष्ट्रीय मुक्त विद्यालयी संस्थेतून ते विषय मोठ्या वयातही देता येतात. नोकरी, घर, कळवा-जुहू प्रवास हे सगळं धरून किती वर्षं लागतील, ते तुम्हीच मोजा.

नसेल जमत तर दुसरं काम आहे, आणि ते हलकं नाही. तुमच्या ऑफिसच्या कँटीनमध्ये काय मिळतं? रात्रपाळीच्या मुलांना तीन वाजता वडापावशिवाय काही मिळतं का? सोसायटीतल्या मुलांच्या डब्यात काय असतं? निरोगी माणसांचं रोजचं ताट सुधारायला रुग्णालयाचा अनुभव लागत नाही. वर सांगितलेल्या २०२४ च्या सूचना राष्ट्रीय पोषण संस्थेच्या संकेतस्थळावर फुकट आहेत, सतरा मुद्दे आहेत. ई-पीजी पाठशाला या सरकारी संकेतस्थळावर अन्न आणि पोषण विषयाचे पदव्युत्तर पातळीचे धडेही फुकट आहेत. ७२ हजारांतले सत्तर तसेच ठेवा. उरलेल्या दोन हजारांत तराजू, टेप आणि चांगल्या दोन वह्या येतात.

येत्या रविवारी सासऱ्यांपासून सुरुवात करा. चार फेऱ्यांत लिहा, भुवया आवरून. त्यांच्या गोळ्यांची चिठ्ठी आणि गेल्या वर्षभराचे रिपोर्ट दोन्ही पानांसकट शेजारी ठेवा. आणि ते रात्री दहानंतर दूध-साखर पितात का, हे त्यांना नाही, सासूबाईंना विचारा.